स्फटिकांचे अभ्यासक : डॉ. कृष्णन

दक्षिण तमिळनाडूतील वत्राप या लहानशा गावी ४ डिसेंबर १८९८ रोजी करियमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन यांचा जन्म झाला. त्यांचे वडील शेती करीत. पण तमिळ व संस्कृत या दोन्ही भाषांत ते जाणकार होते. विद्येची ही आवड मुलातही उतरली. मदुरा व मद्रास येथे कृष्णन यांचे उच्च शिक्षण झाले. पुढे मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. दुपारच्या सुटीत ते विद्यार्थ्यांशी शास्त्रीय प्रश्नांची चर्चा करीत. ती ऐकण्यासाठी इतर कॉलेजांतील मुलेही येत.

पुढे कृष्णन कलकत्त्यास गेले व चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. फेब्रुवारी १९२८ मध्ये प्रकाशासंबंधीचा प्रसिद्ध ‘रामन परिणाम’ उजेडात आला. त्याच्या प्रयोगांत कृष्णन यांचा वाटा मोठा होता. शोधाच्या पहिल्या वृत्तान्तावर दोघांचीही नावे होती. परंतु १९३० सालचे नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले. कृष्णन त्यापूर्वीच, १९२८ च्या अखेरीस, डाक्का विद्यापीठात रुजू झाले होते. तेथे त्यांनी स्वतःची निराळी वाट धरली.

लोखंड चुंबकाकडे धावते, हे सर्वांना ठाऊक आहे. डांबराच्या गोळ्या ज्या नॅफ्थलीनच्या करतात, त्याच्यावर मात्र चुंबकाचा काहीच परिणाम होत नाही, असे वाटते. वास्तविक चुंबक त्यालाही किंचित दूर लोटतो. पण हे बळ अतिशय क्षीण असते. एवढे क्षीण बळ मोजायचे कसे? कृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती योजली. क्वार्ट्झच्या अतिशय बारीक तंतूला त्यांनी एक लहानसा स्फटिक टांगला व तो चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये सोडला. मग तंतूचे वरचे टोक ते हळूहळू पिळू लागले. स्फटिक बराच वेळ आपली दिशा सोडीना. पण पीळ एका मर्यादेपलीकडे जाताच तो एकदम गर्रकन फिरला. ती मर्यादा मोजली, की वेगवेगळ्या दिशांतील चुंबकीय गुणांमधला फरक कळे. त्यावरून स्फटिकातील चपटे रेणू कोणत्या बाजूस कललेले आहेत, हेही ताडता येई. डोळ्यांना कधीही न दिसणारी रचना एका तंतूच्या पिळाने उघड केली!

१९३३ साली कृष्णन कलकत्त्यास परतले. तेथे त्यांनी ग्राफाइटचा कसून अभ्यास केला. पेन्सिलीच्या शिशात असणारा हा पदार्थ कार्बनच्या पातळ थरांचा बनलेला असतो. प्रत्येक थरात काही इलेक्ट्रॉन मोकळेपणाने फिरतात. म्हणून त्या थरातून वीज सहज वाहते. थरांना लंब दिशेने चुंबक धरला, तर ग्राफाइटचा विरोध थरांच्या दिशेतील विरोधाच्या सुमारे ४० पट भरतो. हाही त्याच फिरत्या इलेक्ट्रॉनांचा प्रताप होय. विद्युत्वहन व चुंबकत्व हे वरकरणी निराळे भासणारे गुण एकाच मुळापाशी येऊन मिळतात, हे या अभ्यासातून स्पष्ट झाले.

१९४० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. १९४७ मध्ये ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. १९५८ साली भटनागर पारितोषिकाचे पहिले मानकरीही तेच ठरले. विज्ञानाबरोबर संस्कृत व तमिळ वाङ्मयाचा व्यासंगही त्यांनी अखेरपर्यंत जपला. १४ जून १९६१ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे २००० साली स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील शास्त्रज्ञांनी रेणूंचे थर रचून एक नवा पदार्थ तयार केला. त्याच्या एका थरातून धातूप्रमाणे वीज वाहते, तर अतिशीत अवस्थेत लगतच्या थरात लोहचुंबकत्व प्रकटते. रेणूंची मांडणी व त्यांचे गुण यांचा संबंध ज्यांनी आधी मोठ्या चिकाटीने उलगडला, त्यांत कृष्णन यांचे स्थान मानाचे आहे. क्षुल्लक म्हणून इतरांनी सोडून दिलेल्या गोष्टीकडे त्यांनी धीराने पाहिले. म्हणूनच तिचे गुपित त्यांना उमगले.