मातीचे ऋण

डिसेंबर महिना आला की ५ तारखेच्या जागतिक मृदा दिनानिमित्त मातीच्या आरोग्याविषयी चार शब्द बोलले जातात आणि लवकरच विसरलेही जातात. त्यानंतर तीनच दिवसांनी, ८ डिसेंबरला, सर आल्बर्ट हॉवर्ड ह्या शास्त्रज्ञाची जयंती येते. तिचे स्मरण मात्र क्वचितच कोणास होते. मातीची सुपीकता हा ज्याच्या आयुष्याचा ध्यास होता आणि ज्याचे सर्वांत मोठे कार्य होळकरांच्या इंदुरात सिद्धीस गेले, त्याची ओळख मराठी वाचकाला असावी, असे आम्हांस वाटते.

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिजचे शिक्षण संपवून १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजमध्ये बुरशीजन्य पीकरोगांचे तज्ज्ञ म्हणून रुजू झाले. तेथेच त्यांच्या मनात एक शल्य रुतले. शेतकऱ्याला उपाय सांगायचा, पण तो स्वतः करून पाहण्यासाठी हाती वीतभर जमीन नाही, असे ते शास्त्र होते. १९०५ साली बिहारातील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून ते आले, तेव्हा त्यांनी प्रथम जमीन मागितली. त्यांना ७५ एकर मिळाली.

पुसाच्या आसपासची रयत ना औषधे फवारीत होती ना कृत्रिम खते वापरीत होती, तरीही तिची पिके बव्हंशी निरोगी होती. परदेशी विद्येचा ताठा बाळगणाऱ्याने ह्याकडे दुर्लक्ष केले असते. हॉवर्ड यांनी ह्या निरक्षर शेतकऱ्यांनाच आपले गुरू मानले. इतकेच नव्हे, तर पिकांवर पडणाऱ्या किडीलाही गुरुस्थानी बसविले. कीड हा आजाराचा उगम नव्हे, जमिनीचे काहीतरी बिघडल्याची ती वर्दी होय, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांचे बैल सकस जमिनीतील चाऱ्यावर पोसलेले होते. शेजारच्या लाळ-खुरकुताने पिडलेल्या जनावरांच्या ते अगदी निकट जात, तरी त्यांना रोग जडला नाही, अशी त्यांची नोंद आहे.

ह्या कार्यात त्यांच्या पत्नी गॅब्रिएल ह्यांचा वाटा बरोबरीचा होता. त्या स्वतः केंब्रिजच्या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. गव्हाच्या 'पुसा ४' आणि 'पुसा १२' ह्या जाती ह्या दांपत्याच्या परिश्रमाचे फळ होत. पण चांगले बी कितीही दिले तरी जमीन निकस असेल तर ते व्यर्थ, हे उभयतांना उमजले होते. सरकारी खात्यात मात्र एकाच पिकाची मुळे, कीड, बुरशी आणि माती निरनिराळ्या दालनांत वाटून टाकलेली. म्हणून १९२४ साली त्यांनी इंदूर येथे, होळकर दरबाराने दिलेल्या ३०० एकरांवर, स्वतंत्र संस्था उभी केली.

तेथे प्रश्न साधा होता. आपल्याकडे शेण चुलीत जाते आणि काडीकचरा वाया जातो. मग जमिनीने द्यावे तरी कोठून? चिनी शेतकऱ्यांची शतकानुशतकांची रीत अभ्यासून हॉवर्ड यांनी यशवंत वाड ह्या रसायनज्ञ सहकाऱ्यासह कंपोस्टची 'इंदूर पद्धत' सिद्ध केली. सुमारे ३० फूट लांब व १४ फूट रुंद अशा उथळ खड्ड्यात पिकांचे अवशेष, शेण, गोठ्यातील गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यावयाचे, ओल राखावयाची आणि तीनदा उलथापालथ करून हवा खेळती ठेवावयाची. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत खत तयार! पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून त्या दिवसांत जमिनीवरच ढीग रचावेत, ही सूचनाही त्यांनी केली होती.

१९३० साली गॅब्रिएल निवर्तल्या. १९३१ मध्ये हॉवर्ड व वाड यांच्या नावाने ह्या पद्धतीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी हॉवर्ड मायदेशी परतले. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरास गेलेल्या गांधीजींनी ही संस्था आवर्जून पाहिली आणि 'हरिजन'मधून ह्या खताचा पुरस्कार केला. १९४० साली हॉवर्ड यांचा 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' हा ग्रंथ निघाला आणि पाश्चात्त्य जगातील सेंद्रिय शेतीच्या चळवळीला त्याने आधार दिला. २० ऑक्टोबर १९४७ रोजी, भारत स्वतंत्र झाल्यावर दोनच महिन्यांनी, त्यांचे निधन झाले.

हॉवर्ड यांचे सारेच म्हणणे आम्ही शिरसावंद्य मानीत नाही. रासायनिक खतांवर त्यांनी सरसकट केलेला प्रहार एकांगी होता. माणसाच्या बहुतेक व्याधींचे मूळ निकस मातीत शोधणे, हेही पुराव्याच्या पुढे धावणे होते. नव्या बियाण्यांना व रासायनिक खतांना पाटाच्या पाण्याची जोड मिळाली म्हणून १९६०च्या दशकानंतर देशाची अन्नधान्याची विवंचना कमी झाली, हे कोण नाकारील? पण जमिनीतून जे घेतले ते तिला परत केले पाहिजे, हा त्यांचा मूळ सिद्धांत अबाधित आहे.

परकीय सत्तेने ह्या देशाचे काय लुटले, त्याचा हिशेब मांडताना आम्ही हात आखडता घेणार नाही. तथापि, राज्यकर्त्यांच्या जातीतील एक विद्वान येथल्या रयतेच्या पायाशी शिकावयास बसला आणि जे शिकला ते येथल्या नावानेच जगाला देऊन गेला, हेही त्याच हिशेबात जमेच्या बाजूस मांडले पाहिजे. आज आपण माडांची झावळे आणि परसातला पालापाचोळा पेटवून देतो आणि वर बाजारातून खताची पोती आणतो. इंदूरचे नाव जगभर गेले. ते आपल्या परसापर्यंत मात्र पोहोचावयाचे आहे. त्यासाठी अनुदान नको, कायदा नको. एक कोपरा, थोडे शेण आणि तीन महिन्यांचा धीर एवढे पुरे आहे.