न सरणारा ठेवा

पंडिता रमाबाईंनी दारिद्र्य पुस्तकात वाचले नव्हते. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात पडलेल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, पाठोपाठ आई लक्ष्मीबाई गेल्या आणि पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही. त्या वेळी रमाबाई जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. संस्कृत ग्रंथ मुखोद्गत असलेल्या या विद्वान कुटुंबावर रानातील पाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली होती.

ही वेळ आळसामुळे किंवा उधळपट्टीमुळे आली नव्हती, हे विशेष. अनंतशास्त्र्यांचे गंगामूळचे घर अतिथींसाठी सदैव उघडे असे. पत्नीला संस्कृत शिकवल्याबद्दल समाजाचा रोष पत्करणारा हा पंडित यात्रेकरू आणि विद्यार्थी यांच्या आदरातिथ्यात कर्जबाजारी झाला. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई तान्ह्या असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले. देवळात पुराण सांगावे, श्रोते देतील ते घ्यावे आणि उरेल ते पुण्यसंचयासाठी दानधर्मात खर्चावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. दुष्काळ पडला तेव्हा गाठीशी काही उरले नव्हते. मजुरी करणे कुळाला शोभत नव्हते आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. शास्त्रांत सांगितलेले सारे दान देऊनही दाता उपाशी मेला. दान म्हणजे काय आणि ते कोणाला द्यायचे, हा प्रश्न रमाबाईंच्या आयुष्यात येथे उभा राहिला व शेवटपर्यंत सुटला नाही.

त्यानंतर भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी देशभर हिंडल्या. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून दोघांनी रात्री काढल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पदव्यांनी पोट भरत नाही, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणत्या पंडिताला ठाऊक असेल? १८८० मध्ये भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला, पण १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही गेले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाच्या बाजूने साक्ष दिली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मुलीसह बाप्तिस्मा घेतला. या धर्मांतराची कारणे अनेकांनी अनेक परींनी सांगितली. रमाबाईंनी स्वतः दिलेल्या कारणांत एक अगदी साधे आहे. लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने वाळीत टाकलेल्या स्त्रियांसाठी तेथील भगिनी आश्रम चालवीत. अशा बायकांना कोणी मायेने जवळ करते, हे त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते. असे का, हे विचारल्यावर त्यांना येशू आणि विहिरीवरील शोमरोनी स्त्री यांची कथा वाचून दाखवण्यात आली. दया मिळण्यासाठी पात्रता सिद्ध करावी लागत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला भिडली. मात्र त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही. चर्चच्या अनेक मतांवर त्या वाँटेजच्या भगिनींशी वर्षानुवर्षे वाद घालीत राहिल्या.

अमेरिकेत त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षे मदतीचे वचन मिळाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. गोदूबाई नातू येथेच शिकल्या. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. सदनात धर्मप्रसार होणार नाही, असे ठरले होते. पण रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला मुली बसू लागल्या, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. या वादात केवळ एकच बाजू खोटी होती, असे म्हणता येणार नाही. आश्रितांच्या मनावर आश्रयदात्याच्या श्रद्धेचा भार पडतो, ही शंका रास्तच होती. परंतु शंका घेणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या मुलींसाठी आपले दार उघडले, हेही विचारले पाहिजे.

१८९६-९७ चा मध्य प्रांतातील दुष्काळ ही रमाबाईंची खरी कसोटी ठरली. बोस्टनचा पैसा सदनातील विधवांच्या शिक्षणासाठी होता. भुकेल्या शेकडो मुलींसाठी त्यात तरतूद नव्हती. व्यवहार पाहता घरी बसणे शहाणपणाचे होते. पण त्या सांगाड्यांत त्यांना वीस वर्षांपूर्वीचे आपले कुटुंब दिसले आणि त्या निघाल्या. सुमारे तीनशे मुली त्यांच्या आश्रयाला राहिल्या. त्यातच पुण्यात प्लेग आला आणि एवढ्या मुली शहरात ठेवणे अशक्य झाले. दौंडच्या वाटेवर केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन त्यांनी घेऊन ठेवली होती. फळबाग लावून सदनाला स्वतःचे उत्पन्न मिळावे, हा मूळ हेतू. त्या माळावर आता झोपड्या उभ्या राहिल्या आणि ‘मुक्ती’ जन्मास आली.

याच पुणे जिल्ह्यात आज पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा कारखान्यांचा पट्टा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेपलीकडील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चणे बंधनकारक केले. ही तरतूद चांगलीच आहे. परंतु तिचा हिशेब नफ्यापासून सुरू होतो. शुभवर्तमानात मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची कथा आहे. श्रीमंतांनी शिलकीतून टाकले, तिने आपल्या निर्वाहातून टाकले, आणि येशूच्या लेखी तिचेच दान मोठे ठरले. केडगावचा ताळेबंद या दुसऱ्या रीतीचा होता. जॉर्ज म्यूलर आणि चीनमधील मिशनचे वृत्तांत वाचून, देणगीदारांच्या वचनापेक्षा प्रार्थनेवर विसंबण्याचे बळ रमाबाईंना आले होते. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर मुक्तीतील माणसे २००० च्या घरात गेली, तेव्हाही दार बंद झाले नाही.

तरीही हे फुकटचे अन्नछत्र नव्हते. शेती, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे बायकाच चालवीत. अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले, तर दृष्टिहीनांना मनोरमा ब्रेल शिकवीत. ज्या श्रमांना लाजून डोंगरे कुटुंब उपाशी राहिले, ते श्रम येथे प्रतिष्ठेचे झाले. रमाबाई स्वतः साध्या पांढऱ्या लुगड्यात राहत. १९०७ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी आत्मनिवेदनाच्या नावातच त्यांनी न सरणाऱ्या ठेव्याचा उल्लेख केला. तो ठेवा पैशाचा नव्हता, हे सांगायला नको.

अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. खिळे जुळवणाऱ्या बायका आश्रमातीलच होत्या. संस्थेचा भार जिच्यावर सोपवायचा, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. रमाबाईंनी काम थांबवले नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या केडगाव येथेच निवर्तल्या. ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुक्ती मिशनचे काम केडगावात अजूनही सुरू आहे.