कुर्तुब्याचे जर्राह : अबुल कासिम अल-जहरावी

शहापूर-मुरबाडकडच्या गावांत तोंडातली न भरणारी जखम बहुधा अंगावर काढली जाते. तंबाखू आणि मशेरी सुटत नाही, जखम सुरुवातीला फारशी दुखत नाही, आणि लावणीचे दिवस असले तर दवाखान्याला वेळ कोणाला? मानेत गाठ आली की मग शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, तिथून आसनगावची लोकल आणि परळचे टाटा रुग्णालय. मुरबाडकराला तर रेल्वेही नाही, आधी एसटीने कल्याण गाठायचे. परळला डॉक्टर आधी पाहतात ते हे, की गाठ मुळासकट निघेल की नाही. हाच प्रश्न हजार वर्षांपूर्वी स्पेनमध्ये एका हकीमांनी आपल्या शिष्यांपुढे ठेवला होता. त्यांचे नाव अबुल कासिम खलफ इब्न अब्बास अल-जहरावी.

इ.स. ९३६च्या सुमारास कुर्तुब्याजवळच्या मदीनतुज-जहरा या शाही नगरीत त्यांचा जन्म झाला. जहरावी हे नाव त्या नगरीवरून आलेले. घराणे मदिनेच्या अन्सारांपैकी. त्यांच्या आयुष्याची माहिती मात्र फार थोडी मिळते. राजेरजवाड्यांच्या बारीकसारीक हालचाली लिहून ठेवणाऱ्या इतिहासकारांनी या माणसाला चार ओळींत उरकले आहे. इब्न हज्म यांनी त्यांच्या ग्रंथाची तारीफ केली, आणि हुमैदी यांनी त्यांचा मृत्यू हिजरी ४००नंतर झाल्याचे नोंदवले. साधारणपणे इ.स. १०१३ हे साल धरले जाते. त्याच काळात यादवीत मदीनतुज-जहरा लुटली गेली, जळाली.

मागे राहिला तो ‘किताब अल-तसरीफ’. ३० भागांचा हा वैद्यकाचा महाग्रंथ जवळपास ५० वर्षांच्या अनुभवातून इ.स. १०००च्या सुमारास पुरा झाला. शेवटचा, तिसावा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात सुमारे २०० अवजारांची चित्रे आहेत. गळू फोडताना रोग्याला पाते दिसून तो घाबरू नये म्हणून बोटांच्या आड लपणारी छोटी सुरीही त्यांनी सांगितली आहे. रोग्याला गुंगवणारे ईथर १८४६ साली आले. त्याआधी जर्राहाच्या हातात सुरी दिसणे म्हणजे काय, हे ज्याने सोसले त्यालाच ठाऊक.

कर्करोगावर त्यांनी एक छोटे प्रकरण लिहिले आहे. रोग काळ्या पित्तामुळे होतो, ही जालिनूसपासून चालत आलेली समजूत त्यांचीही होती. ती चुकीची ठरली. पण सुरीबद्दल ते जे सांगतात ते आजही पटते. गाठ नवी असेल, लहान असेल, आणि स्तन किंवा मांडीसारख्या, हात पूर्ण पोहोचेल अशा जागी असेल, तरच कापावी. आकडे रुतवून ती उचलून धरावी आणि चारही बाजूंनी कातडीसकट अशी कापावी की मूळ आत राहू नये. मोठी रक्तवाहिनी वाहू लागली तर डागणी द्यावी. गाठ जुनी आणि मोठी असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. अशी गाठ आपण कधी बरी केली नाही आणि आपल्याआधी कोणी बरी केल्याचे पाहिलेही नाही, हे त्यांनी साफ लिहून ठेवले. एवढ्या नावाजलेल्या हकीमाने हे लिहावे, याला धाडस लागते.

थोडी शेष राहिली तरी अर्बुद पुन्हा वाढते, हे आपल्याकडे सुश्रुतसंहितेनेही सांगितले होते. ती संहिता अब्बासी काळात, बरमकी वजीर याह्या यांच्या सांगण्यावरून, मनका नावाच्या भारतीय वैद्याने बगदादेत अरबीत आणली होती.

दुसऱ्यांच्या चुकाही जहरावींनी झाकल्या नाहीत. एका अडाणी वैद्याने बाईच्या मानेतली गाठ कापताना रक्तवाहिनी तोडली आणि ती त्याच्यासमोरच रक्त जाऊन मेली. हा प्रसंग त्यांनी शस्त्रक्रियेच्या भागाच्या सुरुवातीलाच घातला. शरीररचना शिकल्याशिवाय सुरी हातात घेऊ नये, असे ते शिष्यांना, म्हणजे त्यांच्या भाषेत आपल्या मुलांना, बजावतात.

त्यांच्या स्वतःच्या रोग्यांपैकी एक बाई विसरता येत नाही. तिच्या घशात काळपट रंगाची, फारशी संवेदना नसलेली गाठ वाढली होती. घसा जवळजवळ बंद झालेला, श्वास कसाबसा चाललेला, अन्नपाणी थांबलेले. आणखी एक-दोन दिवसांत ती गेलीच असती. गाठीचे दोन फाटे वर चढून दोन्ही नाकपुड्यांतून बाहेर आले होते. जहरावींनी एका फाट्यात आकडा अडकवला, ओढून मोठा तुकडा कापला, मग दुसऱ्या बाजूला तेच केले. नंतर तोंड उघडून, जीभ दाबून, घशातली गाठही कापली. रक्त थोडेच गेले. बाई लगेच पाणी प्यायली, मग जेवली. पण गाठ परत वाढली. ते कापत राहिले, ती वाढत राहिली, असे बरेच दिवस चालले. शेवटी त्यांनी घशाला डागणी दिली, तेव्हा वाढ थांबली. पुढे त्यांना प्रवासाला जावे लागले. त्यानंतर अल्लाहने तिचे काय केले हे आपल्याला माहीत नाही, एवढे लिहून त्यांनी ती हकीकत संपवली. बरी झाली असे लिहिले असते तर तपासायला कोण जाणार होते?

बाराव्या शतकात तुलैतुल्यात क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी हा भाग लॅटिनमध्ये नेला. १३६३ साली फ्रान्सच्या गी द शोलियाक यांनी आपल्या शस्त्रक्रियेच्या ग्रंथात जहरावींचा हवाला सुमारे २०० वेळा दिला. १४९७ साली व्हेनिसमध्ये लॅटिन प्रत छापली गेली, आणि १९०८ साली लखनौमध्ये अरबी.

परळचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. आज तिथे भूल आहे, गाठीच्या कडेला रोग उरला का हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते, किरणांचा उपचार आहे. शस्त्रक्रियेनंतर ठरलेल्या तारखांना तपासणीसाठी यायचे असते. मुरबाडच्या आतल्या एखाद्या वाडीवरून त्या एका तारखेसाठी दिवसाची मजुरी बुडते, एसटी आणि लोकलचे भाडे जाते, सोबत आलेल्या माणसाचाही दिवस जातो. काही जण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर येत नाहीत. त्यांच्या फाइलीतले पुढचे पान कोरे राहते.