प्रेशरवाला प्रोफेसर : पर्सी ब्रिजमन

‘प्रेशर’ म्हटलं की आपल्याला सबमिशन आणि व्हायवा आठवते. पण एका माणसाने अख्खं आयुष्य खऱ्याखुऱ्या प्रेशरमागे घालवलं आणि 1946 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलं!

पर्सी ब्रिजमन यांचा जन्म 21 एप्रिल 1882 ला अमेरिकेतल्या केंब्रिज गावी झाला. 1900 साली ते तिथल्याच हार्वर्डमध्ये शिकायला गेले, ते 1954 ला निवृत्त होईपर्यंत तिथलेच झाले. संशोधनाच्या सुरुवातीलाच त्यांचं उपकरण फुटलं. नवा भाग येईपर्यंत हातावर हात धरून न बसता त्यांनी झटपट जोडता येईल असं एक झाकण बनवलं. त्यात गंमत अशी, की आतला दाब वाढला की पॅकिंग आणखी घट्ट बसे. म्हणजे गळतीच संपली! तोवर सुमारे 3,000 वातावरणांपर्यंत दाब मोजता येई. ब्रिजमन पुढे 1,00,000 च्या वर गेले. मशीनवर स्वतः काम करायचे, रीडिंगही स्वतःच घ्यायचे. शंभर अंशालाही न वितळणारा बर्फ त्यांना या दाबाखालीच सापडला.

धातू दाबले की अणू जवळ येतात, आकारमान हळूहळू घटतं. पण सीझियमने दगा दिला. सुमारे 42,000 वातावरणांना तो एकदम आकसला. आपण काय केलं असतं? ग्राफ नीट यावा म्हणून ते रीडिंग ‘अ‍ॅडजस्ट’ केलं असतं! ब्रिजमन यांनी ती उडी जशीच्या तशी छापली.

उत्तर आलं 1950 मध्ये. फर्मी यांनी कल्पना सुचवली आणि स्टर्नहायमर यांनी गणित मांडलं. सीझियमचा सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन 6एस कक्षेत ऐसपैस पसरलेला असतो. अणू फार जवळ आले की तिथे राहणं ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडतं, मग तो आतल्या बाजूच्या 5डी कक्षेत सरकतो. अणूच लहान होतो, म्हणून धातू आकसतो. म्हणजे दाबाने नुसतं अंतर कमी होत नाही, अणूची आतली मांडणीही बदलते.

शेवटी कॅन्सरने गाठलं, तरी आपल्या प्रयोगलेखांच्या संग्रहाची सूची त्यांनी पूर्ण केली. 20 ऑगस्ट 1961 ला ते गेले. 1964 मध्ये संग्रहाचे सात खंड निघाले. आपल्या जर्नलमध्ये उद्या एखादा बिंदू रेषेबाहेर गेला, तर खोडरबर उचलण्याआधी सीझियम आठवा.