उमाजी नाईक
उमाजी दादाजी खोमणे ऊर्फ उमाजी नाईक (७ सप्टेंबर १७९१ – ३ फेब्रुवारी १८३२) हे इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे रामोशी समाजाचे पुढारी होते. त्यांचा जन्म पुरंदर तालुक्यातील भिवडी येथे झाला. पुरंदर किल्ल्याची राखण हा रामोशांचा वंशपरंपरागत हक्क. त्याच्या मोबदल्यात त्यांना वतनी जमिनी मिळत. वसईच्या तहानंतर (१८०२) दुसऱ्या बाजीरावाने ही राखण काढून घेतली आणि १८१८ नंतर इंग्रजी अंमलात उरलेसुरले उत्पन्नही आटले. कंपनीच्या दप्तरात उमाजी दरोडेखोर ठरले, पण भांडण मुळात वतनाचे होते. म्हणूनच गावांनी सरकारी सारा आपल्याकडे भरावा, असे त्यांनी फर्मावले. सरकारने एकदा त्यांना माफी देऊन नोकरीत घेतले. तो समेट टिकला नाही. डिसेंबर १८३१ मध्ये ते पकडले गेले. पुण्यात स्वारगेटनजीक खडकमाळ आळीतील मामलेदार कचेरीत त्यांना फाशी देण्यात आली.