खरखरीवर मात

पावसाळ्याच्या रात्री मध्यम लहरींवर रेडिओ ऐकत असताना वीज चमकली, की गाण्यात खरखर उमटते. रेडिओच्या जन्मापासून ही खरखर त्याच्या मागे लागलेली होती. तिच्यापासून श्रोत्यांची सुटका केली ती एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याने.

आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क येथे झाला. विद्यार्थिदशेतच, १९१२ मध्ये, त्यांनी क्षीण रेडिओलहरींना अनेक पटींनी बळ देणारी रचना शोधली. १९१८ मध्ये, सैन्यात असताना त्यांनी शोधलेल्या सुपरहेटरोडाइन पद्धतीवर पुढे कित्येक दशके रेडिओसंच बनत राहिले. पैसा आणि कीर्ती दोन्ही लाभली. मात्र पहिल्या शोधाच्या हक्काचा खटला ते १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले.

त्या काळी आवाजानुसार लहरीची उंची कमी-अधिक केली जाई. विजेमुळेही ही उंचीच बदलते. त्यामुळे गाणे कोणते आणि गडगडाट कोणता, हे संचाला कळत नसे. प्रक्षेपणाची शक्ती वाढवावी, एवढाच उपाय इतरांना सुचत होता. आर्मस्ट्राँग यांनी उंची कायम ठेवून लहरीची वारंवारता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, बदलण्याचा मार्ग धरला. हा मार्ग पूर्वी निरुपयोगी ठरवला गेला होता. पण तो अरुंद पट्ट्याचा विचार करून! आर्मस्ट्राँग यांनी पट्टा रुंद केला. डिसेंबर १९३३ मध्ये या एफ.एम. पद्धतीची पेटंटे त्यांना मिळाली.

नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कला अभियंत्यांच्या सभेत दूरवरून केलेले प्रक्षेपण ऐकवण्यात आले. पाणी ओतल्याचा, कागद चुरगळल्याचा आवाजही स्पष्ट ऐकू आला. त्याहून नवलाची होती ती दोन आवाजांमधली शांतता. एफ.एम.वर सेकंदाला सुमारे १५,००० कंपनांपर्यंतचे स्वर पोहोचतात. म्हणूनच फार आकसून साठवलेल्या अंकीय ध्वनीपेक्षा चांगल्या एफ.एम. संचावरचे गाणे आजही कानाला सरस वाटू शकते.

परंतु आर.सी.ए. या बलाढ्य कंपनीचे लक्ष दूरचित्रवाणीकडे होते. तिचे प्रमुख सार्नॉफ हे आर्मस्ट्राँग यांचे जुने स्नेही. त्यांच्याच कार्यालयातील सचिव मॅरियन यांच्याशी आर्मस्ट्राँग यांचा १९२३ मध्ये विवाह झाला होता. तरीही मैत्री टिकली नाही. आर्मस्ट्राँग यांनी स्वखर्चाने न्यू जर्सीत उंच मनोरा उभारला. १९४५ मध्ये सरकारने एफ.एम.चा पट्टा बदलून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ केला आणि लोकांच्या घरांतील जुने संच निकामी झाले. १९४८ मध्ये पेटंटच्या हक्कांसाठी आर्मस्ट्राँग यांनी आर.सी.ए.विरुद्ध दावा लावला. त्यात प्रकृती खालावली, पैसा सरला, संसारही मोडला. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्यांनी जीवन संपवले.

मॅरियन यांनी मात्र निरनिराळ्या कंपन्यांविरुद्धचे खटले नेटाने चालवले. त्यांतील शेवटचा त्यांनी १९६७ मध्ये जिंकला. त्यानंतर दहा वर्षांनी, २३ जुलै १९७७ रोजी, मद्रास येथे भारतातील एफ.एम. प्रक्षेपणाला प्रारंभ झाला.