बेकरबाई

अमेरिकेत 'टायफॉइड मेरी' पुष्कळांना माहीत असते. पण १९०७ साली पोलिसांना घेऊन तिला पकडायला गेलेल्या डॉक्टरीणबाईंचं नाव कुणाला आठवत नाही. त्या सारा जोसेफीन बेकर. मला वाटतं, न्यूयॉर्क परिसरातल्या आपल्या मंडळींना हे नाव ठाऊक असायला हवं.

बेकरबाईंचा जन्म १८७३ चा, हडसनकाठच्या पोकीप्सी गावचा. सोळाव्या वर्षी वडील टायफॉइडने गेले, भाऊही गेला. घरच्यांचा विरोध पत्करून त्या १८९८ मध्ये डॉक्टर झाल्या. (आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती.) प्रॅक्टिसवर भागेना, म्हणून शहराच्या आरोग्य खात्यात नोकरी धरली.

त्या काळी मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला युरोपातून आलेली गरीब कुटुंबं चाळींसारख्या इमारतींत दाटीवाटीनं राहायची. उन्हाळा आला की जुलाबानं तान्ही मुलं पटापट दगावायची. १९०८ च्या उन्हाळ्यात शाळांना सुट्टी होती. बेकरबाईंनी शाळांकडच्या तीस नर्सेस हाताशी घेतल्या आणि आदल्या दिवशी ज्या घरी बाळ जन्मलं, तिथे लगेच नर्स पाठवायला सुरुवात केली. औषध नाही, काही नाही. बाळाला अंगावरच पाजा, रोज अंघोळ घाला, खिडकी उघडी ठेवा, गुंडाळून ठेवू नका, एवढंच समजावायचं. त्या एका उन्हाळ्यात त्या भागात आदल्या वर्षीपेक्षा १२०० मृत्यू कमी झाले!

मग शहरानं बालआरोग्याचा वेगळा विभाग काढून त्यांच्या हाती दिला. स्वच्छ दुधाची केंद्रं निघाली. नवजात बाळाच्या डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली उघडी राहून ते तीव्र व्हायचं, म्हणून त्यांनी एका वेळेपुरत्या मेणाच्या कुप्या आणल्या. आई कामावर गेली की धाकट्यांना थोरली बहीणच सांभाळते, हे ओळखून शाळकरी मुलींना बाळ कसं सांभाळायचं ते शिकवलं.

गंमत म्हणजे ब्रुकलिनच्या काही डॉक्टरांनी मेयरकडे तक्रार केली, की मुलं आजारीच पडत नाहीत, आमचा धंदा बसतोय! बाईंना त्यात आपल्या कामाची पावतीच दिसली.

१९२३ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि १९४५ मध्ये गेल्या. आजारातून उठवणाऱ्या डॉक्टरला माणूस जन्मभर विसरत नाही. पण आजारीच न पडलेल्या बाळाला, आपल्याला कुणी वाचवलं, हे कळणार कसं? त्या बाळांची नातवंडं-पतवंडं आज आपल्या शेजारी राहत असतील. म्हणून हे नाव आपण तरी लक्षात ठेवू या.